तियागोने काढलेलं अंडं

विनया कारखानीसला शाळेत ‘पोर्तुगालवाली मॅम’ म्हणत. पोर्तुगाल तिने नकाशात सोडून कुठे पाहिला नव्हता, पण हे नाव कानावर आलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढे. आणि का चढू नये? नवऱ्याला, अभिनवला, आयटी कंपनीने जयपूरला पाठवलं म्हणून ठाणं सोडून ती इथे आली, तेव्हा स्टाफरूममध्ये तिला कुणी विचारत नव्हतं. तिची हिंदी ऐकून मुलं तोंडावर हात धरून हसायची आणि बाकीच्या शिक्षिका हात न धरता. मग तिने ही पत्रमैत्री सुरू केली आणि बघता बघता दिवस पालटले. शाळेत कुणी पाहुणे आले की प्रिन्सिपल मधुमती मॅम पहिली हाक तिला मारू लागल्या.

काम तसं सरळ होतं. पोर्तुगालमधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावात फिलिपा नावाची शिक्षिका होती. तिच्या वर्गातल्या एकेका मुलाची जोडी विनयाच्या तिसरीतल्या एकेका मुलाशी लावलेली. पत्र हाताने, कागदावर लिहायचं आणि पाकिटात घालून पाठवायचं, ही दोघींनी ठरवलेली अट. इतक्या लहान मुलांना इंग्रजीत मनातलं लिहिता येत नाही, म्हणून इथली मुलं हिंदीत लिहायची आणि तिथली पोर्तुगीजमध्ये. प्रत्येक पत्रामागे शिक्षिकेने इंग्रजी अनुवादाची चिठ्ठी टाचायची. विनयाची चिठ्ठी वाचून फिलिपा आपल्या मुलांना सांगणार, फिलिपाची वाचून विनया आपल्या मुलांना. म्हणजे दोन देशांतली पोरं एकमेकांशी बोलत होती ती या दोन बायांच्या तोंडून, आणि त्यातल्या एका बाईला ‘ठीक करायची’ सवय होती.

सवय काही तिची एकटीची म्हणता येणार नाही. आपल्याकडे शाळेतून जे बाहेर जायचं असतं ते आधी कच्चं लिहायचं, बाईंनी लाल पेनने ठीक करायचं, मग पक्कं करायचं. पक्क्यात डाग दिसता कामा नये. विनया स्वतः अशीच शिकली आणि तशीच शिकवत होती. अगदी पहिल्या खेपेला एका मुलाने लिहिलं होतं की माझे दादाजी टीव्ही बघताना पादतात आणि नाव कुत्र्याचं घेतात. विनया पोट धरून हसली, आणि चिठ्ठीत तिने लिहिलं, माझ्या आजोबांना टीव्ही आणि आमचा कुत्रा फार आवडतो. एका मुलीने लिहिलं, मम्मी आणि चाची एकाच स्वयंपाकघरात असतात पण बोलत नाहीत. चिठ्ठीत झालं, आमचं एकत्र कुटुंब आहे. आता यात खोटं काय होतं? फिलिपाने उलट लिहिलं, तुमची मुलं किती आनंदी आहेत! मधुमती मॅमनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून शाळेच्या दारातल्या बोर्डावर लावलं. तेव्हापासून पत्रं ठीक करणं हा विनयाला कामाचाच भाग वाटू लागला.

मूळ हिंदी पत्र मात्र जसंच्या तसं जायचं. तिथे देवनागरी वाचणार कोण बसलंय? त्यांच्या दृष्टीने ते चित्रच. मग ते चित्र देखणं असावं याकडे विनयाचा भारी कटाक्ष. वर्गात रोज एक पान सुलेखन. वरची रेघ सरळ, काना ताठ, दोन शब्दांमध्ये बोटाइतकं अंतर. मुलं कुरकुरली, पालक कुरकुरले, पण अक्षरं खरोखर छापल्यासारखी झाली. जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापील कापडाचे तुकडे आणून ती एकेका पाकिटावर चिकटवायची. पाकिटं अशी सजायची की पोस्टात टाकायला तिचं मन होत नसे.

दिवाळीनंतर, वर्षाच्या मध्येच, कौमुदी जाधव वर्गात आली. वडील संभाजी जाधव फौजेत हवालदार, गाव साताऱ्याकडचं. बदली होऊन जयपूरला आले आणि छावणीत क्वार्टर मिळेपर्यंत शहरातल्या मानसरोवर वस्तीत भाड्याने राहिले. विनयाची आणि कौमुदीच्या आईची, गिरिजाची, ओळख मराठी मंडळाच्या फराळाला झाली होती. तिथे ही पोरगी काकू काकू करत विनयाच्या पदराला धरून फिरली, तिच्या हातची चकली खाऊन अजून मागायला आली. विनयाला फार बरं वाटलं होतं. इथे कुणी काकू म्हणणारं भेटतं कुठे?

म्हणून वर्गातल्या पहिल्या दिवशी कौमुदीने दारातूनच हाक मारली, “काकू!” सगळा वर्ग फिसकन हसला. कुणी तरी मागून चाल लावून ते म्हटलंही. विनयाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या कष्टाने तिची हिंदी आता कुठे हसण्यापलीकडे गेली होती. तिने कौमुदीला शांतपणे सांगितलं, “क्लास में मैम बोलते हैं, बेटा. और हिंदी में.” कौमुदीने मान डोलावली. त्यानंतर तिने विनयाला कुठेही, अगदी मंडळाच्या तिळगुळालाही, मॅमच म्हटलं.

पहिल्याच आठवड्यात ते अंड्याचं झालं. मधल्या सुट्टीत कौमुदीने डबा उघडला तर आत पोळी आणि उकडलेलं अंडं. वर्गातली बहुतेक घरं अंडंही न खाणारी. शेजारची मुलगी ओरडून उठली, तिच्या मागोमाग अख्खी रांग उठली. पोरं वाईट नव्हती, घरी जे ऐकलं होतं तसं वागली. विनयाने तातडीने मिटवलं. कौमुदीच्या डायरीत गोड अक्षरात लिहून दिलं की कृपया डब्यात अंडं देऊ नये, इतर मुलांना त्रास होतो. गिरिजाने खाली सही केली आणि पुन्हा कधी अंडं दिलं नाही. विनयाच्या लेखी विषय तिथे संपला.

तो संपावा अशी तिचीही गरज होतीच. कारण कारखानिसांच्या घरी दर रविवारी ऑम्लेट व्हायचं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांनी खोल्या देतानाच बजावलं होतं की मांसमच्छी नाही, अंडंही नाही. विनयाने तोंडभर हो म्हटलं होतं. मग रविवारी खिडक्या लावायच्या, पंखा सोडायचा, उदबत्ती पेटवायची आणि चोरून दोन घास खायचे. टरफलं वर्तमानपत्रात बांधून सोमवारी तिच्या पर्समधून निघायची आणि मेट्रोच्या खांबापाशी असलेल्या कचराकुंडीत पडायची. इतकी वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

पत्रांची पुढची खेप जायची वेळ आली. कौमुदीची जोडी तियागो नावाच्या मुलाशी लागली. तिने कच्चं पत्र लिहून आणलं ते हिंदीत, आणि अगदी थोडकं. मराठीत सांगायचं तर असं:

‘प्रिय तियागो, माझं नाव कौमुदी. एक दिवस माझ्या डब्यात अंडं होतं. आता मी अंडं आणत नाही, तरी माझ्याजवळ कोणी बसत नाही. मी पाण्याच्या टाकीजवळ बसून खाते. तू पण एकटा खातोस का? मग तू काय करतोस? मला सांग.’

खाली टाकीचं चित्र होतं, नळासकट.

विनयाने लाल पेन उघडलं. ‘अंडा’वरचा अनुस्वार राहिला होता, तो दिला. ‘टंकी’ची वेलांटी दुरुस्त केली. कौमुदीला म्हणाली, छान आहे, पक्कं कर. आणि कौमुदीने जीभ दातांत धरून ते इतकं सुरेख पक्कं केलं की विनयाने तिच्या हातावर चमकीची चांदणी चिकटवली.

मग चिठ्ठी लिहायला बसली. पाठवण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मधुमती मॅम वाचत. फिलिपाच्या शाळेतल्या बोर्डावर ही चिठ्ठी लागणार. आमच्या वर्गात एक मुलगी टाकीपाशी एकटी जेवते, असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं? तेही अंड्यापायी? तिकडचे लोक काय म्हणतील? विनयाने लिहिलं, मधली सुट्टी माझी सगळ्यात आवडती वेळ आहे, मी मैत्रिणींसोबत डबा वाटून खाते, तू काय खातोस? क्षणभर तिच्या मनात आलंही की एकदा टाकीपाशी जाऊन बघायला हवं. पण मधल्या सुट्टीत तिला बगरूचं कापड चिकटवायचं होतं. डिंक सुकत होता.

उत्तरं आली फेब्रुवारीत. पाकीट कस्टममध्ये अडकून राहिलं आणि नेमकं पालकांच्या मेळाव्याच्या सकाळी शाळेत पोहोचलं. दरवेळी विनया पत्रं घरी नेऊन आधी वाचायची, यावेळी ती सवड मिळाली नाही. मधुमती मॅम म्हणाल्या, उलट छान, पालकांसमोर ताजी ताजीच उघडा.

सभागृह भरलं होतं. आई-वडील, आजी-आजोबा, शेवटच्या रांगेत मोरपंखी साडी नेसून फोन वर धरलेली गिरिजा. एकेक मूल स्टेजवर येई, विनया त्याच्या परदेशी मित्राने काढलेलं चित्र उंच धरून दाखवी, मग चिठ्ठी इंग्रजीतून वाचत हिंदीत सांगे, टाळ्या पडत आणि मूल पत्र घेऊन खाली उतरे. कुणाच्या मित्राने मासा काढला होता, कुणाच्या मैत्रिणीने आपली सायकल. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

कौमुदी वर आली. केसांना रिबिनी, बुटांना पॉलिश. विनयाने तियागोचं चित्र उंच धरलं. एक जिना होता, जिन्यावर एक मुलगा आणि वाडगा हातात घेतलेली एक बाई. आणि कोपऱ्यात तपकिरी, लंबगोल असं काहीतरी, त्याच्या शेजारी त्याचंच अर्धं कापलेलं, मधे पिवळं. पुढच्या रांगेतले एक आजोबा कौतुकाने मोठ्यांदा म्हणाले, “अरे वाह, बाटी बनाई है! बीच में घी!” सभागृह खळखळून हसलं. विनयाही हसली, आणि हसत हसतच तिने चिठ्ठीकडे नजर वळवली.

फिलिपाने चिठ्ठीत मुलाचं जसं होतं तसं ठेवलं होतं. तो जिथे अडखळला तिथे तिनेही अडखळू दिलं होतं. तियागो म्हणत होता, ‘प्रिय कौमुदी, तुझी अक्षरं फार सुंदर आहेत. मी आईचा फोन त्यांच्यावर धरला, तर फोनला ती वाचता आली. मागे टाचलेल्या चिठ्ठीत वेगळंच आहे. मला वाटतं चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मी फोनचं खरं मानतो. तू अंड्यामुळे एकटी बसतेस. मी पण एकटा जेवायचो. आम्ही बेटावरून इकडे राहायला आलो, तेव्हा माझं बोलणं ऐकून सगळे हसायचे, म्हणून मी जिन्यावर बसायचो.’

पुढे अजून बरंच होतं. विनयाच्या नजरेने ते सगळं एका दमात गिळलं. तिने वर पाहिलं. मधुमती मॅम हसतमुखाने वाट पाहत होत्या. गिरिजाचा फोन वरच होता. आणि हातभर अंतरावर कौमुदी मान वर करून उभी होती, श्वास रोखून. नोव्हेंबरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता येणार होतं.

विनयाला खरं वाचता आलं असतं. निदान ‘हे पत्र खासगी आहे’ एवढं म्हणून तरी बाजूला ठेवता आलं असतं. पण सवय फार वाईट. तोंड आपोआप चालू झालं. “तियागो कहता है,” ती म्हणाली, “कि उसे दाल-बाटी बहुत अच्छी लगती है. वो जयपुर आकर तुम्हारे साथ, तुम सब दोस्तों के साथ, बैठकर खाना चाहता है.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाटीवाले आजोबा तर उभेच राहिले. कौमुदीने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली, मग पत्रासाठी हात पुढे केला. विनयाने पत्र फायलीत सरकवलं आणि हळूच म्हणाली की हे लॅमिनेट करून देईन, बेटा. त्या दिवशी सगळी मुलं पत्रं नाचवत घरी गेली. कौमुदी रिकाम्या हाताने गेली. जाताना गिरिजाने विनयाचे हात हातात घेतले आणि म्हणाली, “विनयाताई, तुम्ही आहात म्हणून हिचं निभतंय बघा. मला तर वाटायचं, इथे हिला कोणी मैत्रीण मिळते का नाही.” विनयाला कुठे तोंड लपवू असं झालं.

रविवारी तिने खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली, ऑम्लेट केलं आणि तिला ते गिळेना. अभिनवने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, एवढं काय त्यात, लहान मुलं दोन दिवसांत विसरतात. त्याने तिच्या ताटलीतलं ऑम्लेटही खाऊन टाकलं. विनया टरफलं कागदात बांधत बसली. तिला लाज वाटत होती, अगदी अंगावरची कातडी काढून ठेवावी अशी लाज. पोरीला टाकीपाशी कुणी बसवलं? वर्गाने, हे खरं. पण डायरीत गोड अक्षरात लिहून कुणी दिलं? आणि जी बाई दर रविवारी हेच खाते, तिने लिहून दिलं. समुद्रापलीकडच्या मुलांची ओळख करून देत ती दोन वर्षं मिरवली आणि मधल्या सुट्टीत आपल्याच वर्गाचं एक मूल कुठे बसतं हे बघायला तिला तीन महिन्यांत फुरसत झाली नाही. या गोष्टीवर घालायला तिच्याकडे कुठलंही पांघरूण उरलं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती तियागोचं पत्र असलेली फाईल घेऊन टाकीकडे गेली.

टाकी शाळेच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या पलीकडे. कट्ट्यावर कौमुदी डबा मांडीवर घेऊन खात होती. मॅम येताना दिसल्या तशी ती उभी राहिली, घाईने झाकण लावलं आणि डबा विनयापुढे धरला.

“अंडा नहीं है, मैम,” ती म्हणाली. “भिंडी है.”

विनयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बस गं,” ती म्हणाली, “मी डबा बघायला नाही आले.” शाळेच्या आवारात ती कौमुदीशी प्रथमच मराठीत बोलत होती. कौमुदीने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

विनया कट्ट्यावर बसली आणि तिने पत्र पुढे केलं. कौमुदीने हात फ्रॉकला पुसले आणि आधी चित्र पाहिलं, बराच वेळ.

“हे अंडं आहे ना?”

“हो.”

“मला माहीत होतं. बाटीला आतून असं पिवळं नसतं.” मग थांबून तिने विचारलं, “तुम्हाला पण माहीत होतं?”

“हो,” विनया म्हणाली. आणि मग तिने चिठ्ठी पहिल्या ओळीपासून मराठीत वाचून दाखवली. फोनचं, अदलाबदल झालेल्या चिठ्ठ्यांचं, बेटाचं, जिन्याचं. सभागृहात तिने जे गिळलं होतं तेही:

‘मग मी माझ्या बाईंना सांगितलं. त्या आपलं सूप घेऊन जिन्यावर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं सूप प्यायल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. मग दोन मुलं बघायला आली की बाई इथे काय करतात. आता आम्ही इतके जण असतो की जिन्यावर जागा पुरत नाही. तू पण तुझ्या बाईंना सांग. त्या चांगल्या वाटतात. सगळ्यांची पत्रं त्याच तर लिहितात.’

वाचून झालं. कौमुदी चित्रातल्या वाडगा घेतलेल्या बाईवरून बोट फिरवत होती.

“पण मॅम,” ती म्हणाली, “तुम्हाला तर मी सांगितलं होतं.”

“मला?”

“मतलब, पत्र पहिल्यांदा तुम्हीच वाचलं ना. अंड्यावरचा अनुस्वार पण तुम्हीच दिला.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त आठवण करून देत होती. “मला वाटलं तुम्ही याल. मी इथे रुमाल टाकून जागा ठेवायचे. मग नाही ठेवली.”

लाल पेनचं ते टोकदार टिंब विनयाला आता स्वच्छ दिसत होतं, ‘अंडा’च्या डोक्यावर दिलेलं. वाचलं होतं तिने. नीट वाचलं होतं, अनुस्वारासकट. शेवटी ती म्हणाली की चुकलं माझं, कौमुदी. तुझं पत्र मी बदललं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली नव्हती, मीच खोटी चिठ्ठी लिहिली, आणि परवा स्टेजवर पुन्हा खोटं बोलले. आणि एवढं बोलल्यावर उरलेलंही बाहेर आलं.

“मीही अंडं खाते. घरी, खिडक्या लावून.”

कौमुदीने चमकून पाहिलं. “मग तुमच्याजवळ पण कोणी बसत नाही?”

“मी कुणाला सांगितलंच नाही.”

कौमुदीने यावर थोडा विचार केला. मग समजूतदारपणे मान हलवली. “ते बरं केलंत,” ती म्हणाली.

डायरीतली ती ओळ लिहिताना विनयाने मुलीला काय शिकवलं होतं, ते या तीन शब्दांत परत आलं. तिला वाटलं, हिने चिडावं, रडावं, पत्र फेकून द्यावं, पण माझ्या चोरीचं असं कौतुक करू नये.

“आता उत्तर लिहायचं ना?” कौमुदीने विचारलं. विनयाच्या फायलीत कोरा कागद होता, तो कौमुदीने स्वतःच ओढून घेतला आणि परत विनयाकडे दिला. “तुम्हीच लिहा. लिहा की मी मॅमना सांगितलं, मग मॅम आल्या, मग सगळे आले आणि आता टाकीजवळ जागा नसते.”

“पण तसं झालेलं नाही.”

“हो, पण तुम्ही ठीक करता ना. त्याला बरं वाटेल.”

विनयाने पेन काढलं. “जसं झालं तसंच लिहू,” ती म्हणाली. तिने आधी हिंदीत लिहिलं आणि खाली इंग्रजीत, शब्दाला शब्द, आणि लिहिता लिहिता कौमुदीला मराठीत सांगत गेली. ‘प्रिय तियागो, तुझ्या फोनने बरोबर वाचलं. मी अजून टाकीजवळ एकटी खाते. मी माझ्या बाईंना आधीच सांगितलं होतं. त्या आल्या नाहीत.’

कौमुदी कागदावर वाकली. तिने हिंदी ओळी बोट ठेवून वाचल्या, शेवटच्या ओळीशी आली, पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचली. तिकडे मैदानात मुलांचा गलका चालला होता. सायकलींच्या पलीकडून वर्गातल्या दोघी मुली मॅम टाकीपाशी का बसल्यात ते बघायला माना उंचावत होत्या, पण जवळ येत नव्हत्या.

“हे पक्कं?” कौमुदीने विचारलं.

“हो. मधुमती मॅमना मी स्वतः दाखवीन. बदलायचं नाही काही.”

कौमुदीने कागदाची घडी घातली, अगदी शिकवल्यासारखी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. घंटा झाली. तिने डबा पिशवीत टाकला आणि कट्ट्यावरून उतरली. मग जाता जाता थांबली आणि घडी केलेला कागद विनयाच्या हातात दिला.

“हे आज पाठवू नका,” ती म्हणाली. “उद्या मी रुमाल टाकून ठेवते. मग बघू.”